तीनदा मोजणारे साहेब

थेंबतात्याच्या मिशीला त्या नदीकाठी जो मान होता, तो पुलालाही नव्हता. पूल नुसता उभा होता. मिशी पणाला लागलेली होती. "चाळीस वर्षं पडाव चालवला," तात्या येईल त्याला सांगायचा, "आत पाण्याचा एक थेंब आला असेल तर मिशी उतरवून तुमच्या हातात देतो." या एका वाक्यावरून त्याला थेंबतात्या म्हणू लागले, आणि आईबापांनी ठेवलेलं नाव त्याच्या बायकोलाही आठवेनासं झालं.

पडाव म्हणजे रुंद, सपाट बुडाची नाव. तात्याच्या पडावात एका खेपेला दोन गाई, गाईंचा मालक, मालकाची सासू आणि सासूची सगळी गाऱ्हाणी मावायची, तरी कड पाण्यापासून हातभर वर राहायची. तात्या तर म्हणायचा की मासे बुडाला टेकून झोपायला येतात, कारण इतकं कोरडं बूड त्यांनी जन्मात पाहिलेलं नसतं. बूड पाण्यात असून कोरडं कसं, असं विचारणाऱ्याला तो चहा पाजत नसे.

मग पूल झाला. तो गेला या टेकडीवरून त्या टेकडीवर, दोन्ही काठांच्या वस्त्यांच्या डोक्यावरून. मोटारींची सोय झाली. माणसांना मात्र पलीकडे जायचं तर इकडे तीनशे बारा पायऱ्या चढायच्या आणि तिकडे तेवढ्याच उतरायच्या. पण पूल झाला की नाव बंद, असा नियम होता. तात्याने पडाव आपल्या धक्क्याशेजारी काठाला लावला, त्यावर फळ्यांच्या दोन खोल्या उठवल्या, वर पत्रा टाकला आणि बायकोला म्हणाला, "ये. आता इथंच." नदीने बुडाभोवती गाळ आणून आणून पडाव असा रोवला, की बावीस वर्षांत तो तसूभर हलला नाही. तात्या मात्र अजून म्हणायचा, "मनात आणलं तर उद्या पलीकडे नेईन." वस्ती हसायची. सगळ्यांत मोठ्याने शेजारचा शिंपी हसायचा.

तात्याची लेक नर्स होती. सहा वर्षं परक्या गावांतल्या पोरांना सुया टोचून, अर्ज-विनंत्या करकरून तिने अखेर आरोग्य खात्याकडून आपल्याच वस्तीला उपकेंद्र मंजूर करून आणलं होतं, आणि नेमणूकही आपलीच. पण मंजुरीला एक शेपूट होतं. जागा वस्तीने दाखवायची, खातं ती भाड्याने घेणार. या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारपर्यंत जागा ठरली नाही, तर उपकेंद्र वरच्या बाजारगावाला जाणार आणि लेक अशा ठिकाणी, जिथून पत्र यायलाच आठ दिवस लागतात.

जागा कशी हवी तेही लिहिलेलं होतं: तळमजला, दोन खोल्या, चारशे चौरस फूट, वारा-पावसापासून आडोसा. आणि वस्ती तर उतारावर चिकटलेली, एकाच्या छपरावर दुसऱ्याचं अंगण. शिंप्याचं घर पाहिलं, तर ते इतकं अरुंद की कुशीवर वळायचं तरी बायकोला आधी कळवावं लागे. सध्या लेक त्याच्याच जिन्याखाली बसून तान्ही पोरं तोलायची, आणि शिंपी वर गेला की पोरांच्या डोक्यावर दोऱ्यांचे तुकडे पडायचे. शेवटी एकच जागा उरली. लेकीने अर्जात लिहिलं, "दोन खोल्या, नदीकाठी, हवेशीर." एक अक्षरही खोटं नव्हतं.

"तात्या," तिने बापाला समोर बसवलं. "खात्याला फक्त स्थावर जागा भाड्याने घेता येते. जी जागेवरून हलत नाही ती. साहेबांसमोर पडाव हा शब्द काढायचा नाही. घर म्हणायचं."

"घर तर घर."

"थेंबाची गोष्ट नाही सांगायची. मिशीचं नाव नाही. मनात आणलं तर उद्या पलीकडे, हेही नाही."

तात्याचं तोंड कडू काढा प्यायल्यासारखं झालं. "मग बोलू काय?"

"चहा घ्या म्हणायचं," बायको चुलीपाशी होती, तिथून म्हणाली. "तेवढं जमतं तुम्हाला, माणूस बरा असला तर."

"आणि ते दोर सोडा," लेक म्हणाली. "नांगर लपवा. घराला दोर बांधतं का कोणी?"

तात्याने मुकाट्याने दोर सोडले, नांगर धक्क्यावरच्या कोठडीत टाकला. लांब बांबू बायकोने आधीच चादरी वाळत घालायला लावला होता, तो राहिला. "आता भिंती तेवढ्या रंगवा," लेक म्हणाली आणि पायऱ्या चढून वर कामाला गेली.

भिंती तात्याने एका सकाळीत रंगवल्या. मग हात रिकामे झाले. आणि नावाड्याच्या रिकाम्या हातांना सवय एकच. सरकारी माणूस तपासायला येणार आणि आपलं बूड असं गाळात माखलेलं? चाळीस वर्षांत एकदाही तो मळक्या बुडाने तपासणीला उभा राहिला नव्हता. त्याने कुदळ घेतली. आठ दिवस तो पडावाभोवतीचा गाळ उपसत होता. मग फटी खरवडल्या, त्यांत नवा काथ्या ठोकला, वरून गरम डांबर फिरवलं. शिंपी वरून बघत होता.

"काय तात्या, घराला कधी डांबर लावतात का?"

"पाया मजबूत करतोय," तात्या म्हणाला, आणि घर हा शब्द न विसरल्याबद्दल स्वतःवरच खूश झाला.

गुरुवार उजाडला. साहेब पायऱ्या मोजत उतरले. तीनशे बाराव्या पायरीवर थांबले, वर पाहिलं, आणि परत चढून पुन्हा मोजाव्यात की काय अशा विचारात क्षणभर घुटमळले. ते खात्याच्या जागा विभागातले. बारीक अंगाचे, काखेत चामडी पिशवी, पिशवीत पोलादी टेप. प्रत्येक गोष्ट तीनदा मोजायची हा त्यांचा बाणा. म्हणतात, तरुणपणी त्यांनी एक दवाखाना एकदाच मोजून भाड्याने घेतला होता. तिथल्या खोल्या एवढ्या तोकड्या निघाल्या, की वर्षभर डॉक्टर आतून रोग्याचं डोकं तपासायचे आणि पायांची चौकशी खिडकीतून करायचे. तेव्हापासून तीनदा.

दारावर पाटी होती: आरोग्य उपकेंद्र. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "पाटी आधीच?"

"रंग उरला होता साहेब," लेक म्हणाली.

साहेबांनी टेप काढली. पहिली खोली तीनदा, दुसरी तीनदा. चारशे सोळा, चारशे सोळा, चारशे सोळा. त्यांच्या चेहऱ्यावर समाधानाची एक बारीक रेघ उमटली. "जागेला तडे?"

"नाहीत," तात्या म्हणाला.

"पाया किती खोल?"

तात्याने लेकीकडे पाहिलं, लेकीने आईकडे. "चहा घ्या," बायको म्हणाली आणि कप हातात दिला.

साहेबांनी चहा घेतला आणि बरं वाटून म्हणाले, "आता शेवटचं. रस्त्यापासूनचं अंतर. म्हणजे दारापासून धक्क्याच्या त्या दगडी खांबापर्यंत. ताई, टेपचं टोक तेवढं तिथं धरता का?" लेक उतरली, खांबापाशी टोक धरून उभी राहिली. साहेबांनी दारात वाचलं. "बारा फूट." लिहिलं.

आता या नदीवर वर एक धरण होतं, आणि दर गुरुवारी दुपारी बारा वाजता खालच्या शेतांसाठी त्याचं पाणी सोडत. पाणी दीड हात चढायचं, गाळात रुतलेल्या पडावाला चाटायचं आणि निघून जायचं. बावीस वर्षांचा परिपाठ. तात्या तो विसरला, असं तो स्वतः सांगतो. ज्या माणसाने चाळीस वर्षं त्या पाण्याच्या वेळा बघून खेपा केल्या तो विसरला असेल का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

साहेबांनी दुसऱ्यांदा वाचलं. "चौदा फूट." त्यांनी भुवई उचलली. "ताई, टोक नीट धरा."

"नीटच धरलंय, साहेब!"

तिसऱ्यांदा वाचलं. "एकोणीस." साहेबांच्या कपातला चहा आपणहून एका कडेला गेला आणि थोडा खाली सांडला. "एकोणीस... तेवीस... आजोबा, तुमचा रस्ता सरकतोय!"

"रस्ते सरकारी असतात, साहेब," तात्या म्हणाला. "आमचा त्यांच्यावर काय अधिकार?"

टेप संपली. लेकीच्या हातून टोक सुटलं आणि सणकन येऊन साहेबांच्या पिशवीवर आपटलं. धक्क्यावर लेक दोन्ही हात डोक्याला लावून उभी होती आणि शिंपी आपल्या खिडकीतून ओरडत होता, "घर चाललं! अरे, थेंबतात्याचं घर चाललं!"

"हे... घर चालतंय?" साहेब म्हणाले.

"छे छे. बसा तुम्ही. चहा घ्या."

"खिडकीतून झाडं पळताहेत!"

"वारा आहे ना," तात्या म्हणाला. लेकीला दिलेला शब्द होता. बुडाखाली पाणी सळसळत होतं, बावीस वर्षांनी त्याच्या तळव्यांना ती ओळखीची गुदगुली होत होती, आणि तरी तो खांबासारखा उभा होता. शब्द काढला तर उपकेंद्र गेलं, लेक गेली. न काढावा तर समोर पुलाचा मधला खांब येत होता, घरादारावर, बायकोवर आणि एका सरकारी माणसावर.

बायको चादरी गोळा करत म्हणाली, "अहो, पोरीने मिशीचं नाव काढू नका म्हटलं होतं. बुडवा नव्हतं म्हटलं!"

तेवढ्याने बांध फुटला. तात्याने चादरींचा बांबू उपटला, तशी एक चादर साहेबांच्या डोक्यावर जाऊन बसली, आणि सत्तरीतला म्हातारा पडावाच्या पुढच्या टोकाला उडी मारून पोचला. "साहेब, हे घर नाही!" तो गरजला. "हा पडाव आहे! डावीकडे व्हा, वजन तिकडे टाका! अगं, तू चुलीपाशी!" बांबू तळाला टेकला, वाकला, तात्या त्यावर असा रेलला की आता दोघांतलं एक मोडणार. पडावाने नाक वळवलं. पुलाचा खांब इतक्या जवळून गेला, की त्यावर मुंग्या कोणत्या बाजूला चालल्या आहेत ते बायकोला दिसलं. वर पुलावर मोटारी थांबल्या. कोणी कर्णा वाजवला, मग सगळ्यांनीच वाजवला.

चादरीतून आवाज आला, "गेलो का आपण?"

"गेलो नाही साहेब, निघालो!" तात्या म्हणाला. तो हसत होता. बायकोने त्याला असं हसताना पुलाआधी पाहिलं होतं, आणि तिला वाटलं, हा माणूस बावीस वर्षं नुसता वाळत पडला होता, चादरीसारखा.

पलीकडच्या काठाला बाया कपडे धूत होत्या. त्यांनी पाहिलं तर नदीतून एक रंगवलेलं घर येतंय, धुराड्यातून धूर निघतोय, दारावर मोठ्या अक्षरांत आरोग्य उपकेंद्र. सहाशे चोवीस पायऱ्यांच्या धाकाने ज्यांनी पोरं तोलून घेतली नव्हती, सुया चुकवल्या होत्या, त्यांच्याकडे दवाखाना स्वतःच चालत आला होता. एकीने कपडे टाकले आणि ओरडली, "अगं, खात्याने पाठवलाय! पोरं आणा!"

तात्याने पडाव आपल्या जुन्या पलीकडच्या धक्क्याला अलगद टेकवला, इतका अलगद की कपातला उरलेला चहा हललासुद्धा नाही. साहेब चादरीतून बाहेर येतात तो समोर रांग. सगळ्यांत पुढे एक आजी, कडेवर नातू. "डॉक्टर, याला दात येईनात."

"मी डॉक्टर नाही. मी जागा बघतो."

"मग याच्या तोंडातली जागा बघा!"

साहेबांनी टेप काढली आणि, काय करणार, पोराची उंची मोजली. तीनदा. तीनही वेळा सारखी आली तेव्हा त्यांना पहिल्यांदा धीर आला. लेकीचा तराजू आणि सुईची पेटी सकाळीच आत आणून ठेवलेली होती. बायकोने तराजू टांगला, आकडे वाचून दाखवले, आणि साहेबांनी ते आपल्या वहीत सुबक अक्षरात उतरवले. तोवर लेक सहाशे चोवीस पायऱ्या धावत येऊन पोचली. तिला शिव्या द्यायच्या होत्या, रडायचं होतं, पण समोर रांग बघून तिने पदर खोचला आणि सुईची पेटी उघडली. तिने फक्त जाता जाता बापाला म्हटलं, "तात्या, काय ठरलं होतं?"

"शेवटपर्यंत घर म्हणत होतो गं. खांबालाच पटेना."

सदतीस पोरं झाली. धरणाचं पाणी थांबलं, नदी ताटासारखी सपाट झाली. तात्याने सगळ्यांना बांबूने ढकलत परत आणलं, आपल्या धक्क्याला लावलं, आणि पडावाच्या कडेवर बसून साहेबांसमोर मान खाली घातली. शिंपीसुद्धा खाली उतरून आला होता, पण हसत नव्हता.

"ताई," साहेब म्हणाले, "माझ्या मनात काही नाही. पण अधिकार म्हणजे अधिकार. खात्याला जागा भाड्याने घेता येते, नाव घेता येत नाही. नावा घेणारा विभाग वेगळा, आणि आमच्याकडे तो विभागच नाही. मी यावर सही केली, तर उद्या मला विचारतील, जागा कुठे आहे? मी काय सांगू? सकाळी इकडे असते?"

लेक पेटीत सुया भरत होती, आणि भरलेल्या पुन्हा काढून मोजत होती. साहेब ते बघत राहिले. मग त्यांनी ज्यावर पाय टेकला होता त्या दगडाकडे पाहिलं.

"हा धक्का कोणाचा?"

"माझा," तात्या म्हणाला. "आजोबांनी बांधला. पलीकडचा पण आमचाच."

"कागद आहेत?"

"आहेत की! पिठाच्या डब्यात," बायको म्हणाली.

साहेब उठले. धक्का मोजला: सहाशे दहा, सहाशे दहा, सहाशे दहा. तिसऱ्या वेळी त्यांनी दगडावर प्रेमाने थापटलं, असा न हलणारा दगड त्यांना आयुष्यात भेटला नव्हता. मग मांडी घातली, भाड्याचा छापील नमुना गुडघ्यावर ठेवला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले. "जागा: दगडी धक्का, दोन. एक या काठी, एक त्या काठी. दोन्ही स्थावर. पलीकडचा पुढच्या गुरुवारी मोजून घेईन." पान उलटलं. "जागेसोबत मिळणारं सामान. यात काय लिहू? बाक?"

"एक," लेक म्हणाली.

"कपाट?"

"एक."

"पडाव?"

लेकीने वर पाहिलं.

"एक," साहेबांनीच लिहिलं. "दोन खोल्या आणि पत्र्यासह. दोन्ही धक्क्यांना सामाईक. खात्याला जागेबरोबर सामान घेण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि सामान एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यायला कोणाची परवानगी लागत नाही. न्यायला माणूस तेवढा लागेल. आजोबा, सामान हलवता येईल ना तुम्हाला?"

"मनात आणलं तर—" तात्या म्हणाला, आणि त्याने बांबू हाताशी ओढला.

"एकच रकाना उरलाय. गळती आहे का?"

तात्या ताडकन उभा राहिला. आता शब्द मोकळे होते. "गळती? साहेब, चाळीस वर्षं! एक थेंब जरी सापडला तर ही मिशी—"

"बघून लिहावं लागतं," साहेब म्हणाले. पडावात जाऊन त्यांनी तळाची एक फळी उचलली, आत वाकले, हात घातला. बराच वेळ चाचपत राहिले. मग त्यांनी बोट वर काढलं. बोटाच्या टोकावर एक थेंब लोंबत होता.

शिंप्याचा हात आपोआप खिशातल्या कात्रीकडे गेला. तात्याने हळूच मिशीला हात लावला, शेवटचा लावावा तसा.

साहेबांनी थेंब उन्हात धरला. हुंगला. मग जिभेला लावला. चव घेतली, विचार केला, पुन्हा घेतली. तीनदा.

"गोड आहे," ते म्हणाले. "माझाच चहा."

धक्क्यावर जो आरडाओरडा झाला, त्याने पलीकडच्या काठाचे बगळे उडाले. साहेबांनी शांतपणे रकान्यात लिहिलं, गळती नाही, आणि खाली सही केली. लेकीने कागद घेतला, शाई वाळायच्या आत दोनदा वाचला आणि बापाच्या गळ्यात पडली. कागदावरची ओली शाई तात्याच्या मिशीला लागली.

"साहेब, जेवून जा," बायको म्हणाली.

"नको, शेवटची मोटार वरून सुटेल. तीनशे बारा पायऱ्या आहेत."

"मोटार पलीकडच्या टेकडीवरूनही सुटते," तात्या म्हणाला. त्याने बांबू उचलला होता. "आणि तिकडच्या पायऱ्या तुम्ही अजून मोजल्या नाहीत."

साहेबांनी पिशवी काखेत मारली आणि सामानात जाऊन बसले.